फसिलीची माती

उन्हं कलली, तापलेला तट निवायला लागला, की खैरूच्या माळवदावरून चोपण्याचा आवाज येई. धप्, धप्, मग जराशी उसंत, पुन्हा धप्. वैशाखातल्या त्या पिवळ्या, दमलेल्या संध्याकाळी ती पाणी शिंपडलेली पांढरी माती लाकडी चोपण्यानं बसवीत असे, आणि त्या जड नादाच्या मागोमाग तिच्या काकणांचा बारीक किणकिणाट येत असे. वर कुणी धावलं की ती कावे, "हळू चाला! खाली ताटात माती झडती." खैरुन्निसा माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोघींच्या परसामागे गावाचा जुना तट होता. त्याला सारं गाव फसील म्हणे.

ही फसील कुठल्या स्वारीत पडली नाही. गावानंच ती टोपल्याटोपल्यांनी घरी नेली. चिरे कुणाच्या जोत्याला गेले, कुणाच्या गोठ्याला. आणि पोटातली पांढरी माती दरसाल पावसाळ्याआधी माळवदांवर चढली, कारण धाब्याच्या घराला तिच्यासारखं पांघरूण नाही. नव्या सुना होतो तेव्हापासून आम्ही दोघी बरोबरच माती आणायला जायचो. खैरू सावळी, काटक. उन्हात डोळे बारीक करून हसायची. टोपली डोईवर ठेवली की एकदा मागे वळून तटाकडे बघायची, उसनं साखरपीठ नेताना शेजारणीकडे बघावं तशी. आमच्या घरावर स्लॅब पडला, माझं माती आणणं सुटलं, तेव्हा बाईसाहेब कितीतरी दिवस माझ्यावर फुगून होत्या.

पुढे उरलीसुरली फसील सपाट करून तिच्यावर उद्यान झालं. पाटी लागली, रखवालदार आला, माती उकरायला बंदी झाली. गावाला फिरायला जागा मिळाली आणि खैरूचं माळवद त्याच वर्षापासून गळू लागलं. तरी संध्याकाळी आम्ही दोघी तिथंच फिरायचो. ती दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकीत चालायची, आणि हिरवळीकडे बोट दाखवून म्हणायची, "सुमन, आपण उकरलेल्या खड्ड्यावर बघ कसं गवत लावलंय." मावळत्या उजेडात तिचं हसणं फिकट दिसे. मला ते दिसत होतं, पण या वयात दिसलेल्या गोष्टींचंही काही करवत नाही.

एका पावसाळ्यात छताखाली पातेली पुरेनात. तिचा मुलगा नांदेडहून जीप घेऊन तिला न्यायला आला, घर विकल्याचं म्हणाला. मी म्हणाले, "जाऊ नको गं." खैरू उंबऱ्यावर बसली होती. "गुडघं गेलं, बाई. शिडी चढवत न्हाई. माळवद राखायला कुणी न्हाई, मंग घरात बसून काय करू?" तिच्याकडे बघून मला रडू आलं, आणि तिनंच मला पाणी दिलं. जीप वळली तेव्हा तिनं मागे बघितलं ते आधी तटाच्या जागेकडे, मग माझ्याकडे. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

इकडे उद्यानातल्या वाटेची दशा झाली होती. उद्यान करणाऱ्यांनी लोहा गावाकडच्या शिवारातून काळी माती आणून तिच्यावर फरशा बसवल्या होत्या. काळी माती पिकाला माय, पण पायाला वैरीण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. फरशा उचकटल्या, माणसं ठेचकाळली, मग पांढऱ्या मातीचा शोध सुरू झाला. त्याच सुमारास नव्या मालकानं खैरूचं घर पाडायला काढलं.

एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. परसामागून आवाज आला. धप्, धप्, जराशी उसंत, पुन्हा धप्. सूप टाकून मी धावले. "आलीस का गं?" तोंडातून निघूनही गेलं. मागे दोन गडी धुमसानं वाट ठोकत होते. बाजूच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खैरूच्या माळवदाची माती होती; तिच्यात तिच्या काकणाचा एक हिरवा तुकडाही होता. मी तिथंच बसले.

फोनवर तिनं विचारलं, "माळवदाची माती कुठं टाकली गं?"

"फसिलीवर."

ती म्हणाली, "बरं झालं. तिचीच हाय ती."

आता संध्याकाळी एकटीच फिरते. फरशांच्या सांध्यांतून कुरडू उगवतो, श्रावणात तिच्या माळवदावर उगवायचा तोच. ती असती तर कंबरेला पदर खोचून उपटायला बसली असती. इतक्या वर्षांनी फसिलीला तिची माती परत मिळाली. मला खैरू मिळायची नाही, हे आता कळून चुकलं आहे. लोक भराभर पुढे निघून जातात. मी मात्र त्या वाटेवर पाय हळूच टेकवते, खाली कुणाच्या ताटात माती झडू नये म्हणून.