मंजुळाबाईचं मीठ

पुनाने मंजुळाबाईच्या घोट्यावर अंगठा रोवला, क्षणभर दाबून धरला आणि उचलला. कातडी होती तशी वर आली. खड्डा पडला नाही.

"काय?" खाटेवरून मंजुळाबाईने विचारलं.

"काही नही. चांगला शेतस पाय."

"चांगला शेतस म्हने," असं पुटपुटत तिने पातळाचा काठ पावलांवर ओढून घेतला. पाय चांगले निघाले म्हणून दोघांपैकी कुणाच्याही तोंडावर आनंद दिसला नाही.

अंगठ्याची ही विद्या त्याला धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. होळीच्या आधी मंजुळाबाईला आडवं होणंसुद्धा जमेना. पाय मडक्यासारखे फुगले, दोन शब्द बोलली की धाप लागायची. नरडाण्याहून एका ओळखीच्या रिक्षात घालून पुनाने बायकोला नेलं. सत्तरीपुढच्या माणसांसाठी सरकारने काढून दिलेलं कार्ड त्याने तिथे खिशातून असं काढलं, की जणू व्याह्याच्या घरचं आमंत्रण आहे. आणि कार्डाने त्याची लाज राखली. खाट, सलाईन, सुया, दोन वेळचं जेवण, कशालाच कुणी पैसा मागितला नाही. सरकारला उगाच नावं ठेवू नये रे बाबांनो, असं पुना वॉर्डभर सांगत फिरला. घरी सोडताना पंधरा दिवसांच्या गोळ्यासुद्धा पिशवीत घालून मिळाल्या.

"हृदय अशक्त झालंय, आबा," बाईंनी समजावलं होतं. "गोळ्या आता कायमच्या. अंगठा दाबून बघत जा. खड्डा राहिला तर पाणी साचतंय असं समजा. आणि मीठ बंद. लोणचं, पापड, काही नाही."

मीठ बंद, आणि तेही मंजुळाबाईला! उन्हाळा लागला की गल्लीत कुणाच्याही घरी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजो, वाटीभर घाटा आधी तिच्याकडे यायचा. ती बोटाला लावून चाखायची आणि एकच शब्द सांगायची. बेताचं, कमी किंवा, मीठ जास्त झालं असेल तर, गेलं. तिच्या जिभेवर गल्लीतल्या बायांचा इतका भरवसा, की एकदा 'गेलं' म्हणाली तेव्हा जीवरामच्या सुनेने अख्खं पातेलं म्हशीपुढे ओतलं होतं. अशा बाईला पुनाने अळणी वरणावर आणलं. मिठाची बरणी त्याने वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे सारली. कुणी वाटी घेऊन आलं की दारातूनच परत पाठवायचा. मंजुळाबाई त्याला फौजदार म्हणू लागली, पण ऐकत होती.

पंधरा दिवस झाले, गोळ्या संपल्या. पुना चिठ्ठी घेऊन सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानात गेला. ते दुकानही नावासारखंच निघालं. चारपैकी तीन गोळ्या त्याला इतक्या स्वस्त मिळाल्या की त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. चौथी मात्र नव्हती.

"वरून मालच आला नाही, आबा," काउंटरवरची डिंपल म्हणाली. "बाहेर बघा."

बाहेरच्या दुकानदाराने पट्टी काचेवर ठेवून भाव सांगितला. सरकारकडून मिळणारा म्हातारपणाचा महिन्याचा पगार सगळा ओतला तरी महिनाभराच्या गोळ्या पदरात पडत नव्हत्या. पुनाने एक पट्टी घेतली. मंजुळाबाईने ती दिवसाआड पुरवली. मग तीही संपली. डिंपलकडे तो जात राहिला, आणि ती दुरूनच मान हलवत राहिली.

शेवटी कार्ड घेऊन तो पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिला. मंजुळाबाई शेजारच्या स्टुलावर बसली होती.

"कार्ड भरती झाल्यावरच चालतं, आबा. घरी घ्यायच्या गोळ्यांना नाही."

"मंग भरती करी घ्या तिले."

"कशासाठी भरती करू? सूज नाही, छाती साफ आहे."

"गोळी बंद शे, बाई. आज ना उद्या पाणी भराईच ना?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "भरेल," त्या म्हणाल्या. "सूज चढली, दम लागला की लगेच घेऊन या. मग मला सगळं देता येईल." बोलून झाल्यावर त्यांनी मंजुळाबाईकडे बघितलं नाही. पुनाला त्यांचा राग आला नाही. वयाने नातीसारखी पोरगी, तिच्या हातात तरी काय होतं?

परतीच्या एसटीत मंजुळाबाई खिडकीशी बसली. सोनगीर मागे पडल्यावर म्हणाली, "म्हंजे आजारी पडावं लागी."

पुना खिशातल्या कार्डावर हात ठेवून बसला.

तेव्हापासून रोज सकाळी तो अंगठा दाबून बघत होता, आणि पाय काही फुगत नव्हते. मंजुळाबाई मात्र उतरत चालली होती. आधी ओट्यापर्यंतचं चालणं गेलं, मग बसून भाकरी थापणं. आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं तरी ती थकून भिंतीला टेकायची. हे कुणाला दाखवावं तर दाखवण्यासारखं काही नाही. पुनाला एक दिवस जेवताना उमगलं, की सूज आपणच अडवून धरली आहे. आपलं अळणी वरण आणि आपली फौजदारी. त्याने ताट बाजूला सारलं.

आज दुपारी दारात गल्लीतली कुंदाबाई आली. पदराखाली वाटी झाकलेली.

"अक्कानी चव देखी असती ते बरं व्हतं, आबा. पन तुम्ही काय देऊ देतस नही. सवयनी उनू." ती माघारी वळलीसुद्धा.

"दे," पुना म्हणाला.

कुंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हात पुढे केला, वाटी घेतली आणि आत आला. येताना त्याने काठाला लागलेला घाटा चाटून पाहिला. मीठ अगदी बेताचं होतं.

मंजुळाबाईने वाटी पाहिली, मग त्याचं तोंड पाहिलं. बोटाने घाटा घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. किती दिवसांनी! तिच्या गालांत पाणी सुटलेलं पुनाला दिसलं.

"बेतनं शे का?" त्याने विचारलं.

तिने पुन्हा एक बोट चाखलं. मग डोळे उघडून, फळीवरच्या डब्यांकडे बघत म्हणाली,

"कमी शे."

जन्मात कधी न चुकलेली जीभ. पुना उभा राहिला. दाराशी जाऊन त्याने कुंदाबाईला सांगितलं, "बेतनं शे म्हने." ती गेल्यावर त्याने स्टूल ओढलं, भिंतीला धरून वर चढला आणि रिकामे डबे बाजूला सारून बरणी काढली.

ती त्याने मंजुळाबाईच्या हाताशी ठेवली, आणि खाटेच्या पायथ्याशी, तिच्या पावलांजवळ, बसून राहिला.