काम सुरू आहे

नगराध्यक्षा होण्याआधी तिने सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली होती. त्यामुळे खुर्चीवर बसली तरी शहर तिला सिस्टरच म्हणायचं. तीही दवाखान्यात बोलायची तशीच सभेत बोलायची: मोजकं, आणि समोरच्याला पळवाट न ठेवता.

निवडणुकीत तिने एकच शब्द दिला होता. बंद पडलेल्या बस आगाराच्या जागेवर कमी पगाराच्या लोकांसाठी घरं. झाडूवाले, आया, दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली यांच्या जिवावर शहर चालत होतं, आणि त्यांनाच तिथलं भाडं झेपत नव्हतं. तिच्या ओळखीची एक आया दोन पोरींना घेऊन बहिणीच्या गॅलरीत पडदा लावून राहायची. घरांसाठी राज्य सरकारने निधी मंजूर केला होता. नकाशाला मात्र राजधानीतून परवानगी हवी होती, आणि ती फाइल तिथे मुरत पडली होती.

अशात सरकारचा आदेश आला. जिथे महिनाअखेरपर्यंत काम सुरू झालेलं नसेल, तिथला घरांचा निधी परत घेतला जाईल.

"परवानगीही हेच अडवणार आणि काम का नाही म्हणून पैसेही हेच नेणार," सिस्टर म्हणाली. "तोंडावर हात ठेवायचा आणि वर विचारायचं, बोलत का नाहीस!"

त्या रविवारी तिचा थोरला भाऊ नेहमीप्रमाणे घरी आला. दादा राज्यातल्या सत्ताधारी पक्षाचा आमदार होता, पण बहिणीकडे आला की थेट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा.

"तो पैसा नव्या उड्डाणपुलाकडे वळवायचं ठरलंय," चहावर फुंकर मारत तो म्हणाला. "तू गप्प राहा. पुढच्या वर्षी तुझ्या शहराला झकास नाट्यगृह मिळवून देतो."

"नाट्यगृहात झोपता येतं का रे लोकांना?"

"नाटक रटाळ असलं तर येतं की!"

दोघंही हसली. मग तिने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे वळली.

"नाही, दादा. मी गप्प बसणार नाही."

"मग मला तुझ्या आड यावं लागेल."

"ये."

त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी तिने नगरपालिकेची सभा बोलावली आणि परवानगीची वाट न बघता काम सुरू करण्याचा ठराव मांडला. नगर अभियंत्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, परवानगीशिवाय एक कुदळ पडली, तरी सरकार तुम्हाला पदावरून काढू शकतं."

"मलाच ना? मग पडू द्या कुदळ."

तेवढ्यात विरोधी पक्षनेता उभा राहिला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि सिस्टरच्या प्रत्येक ठरावाला त्याने आजवर नाट लावली होती. आता हा बार उडवणार म्हणून सगळे सावरून बसले.

"माझं या बाईंशी साध्या गटारावरूनही कधी जमलेलं नाही," तो म्हणाला. "पुढेही जमणार नाही. पण हे पैसे आपल्या शहराचे आहेत. एकट्या बाईंना काढणं सोपं आहे. ठरावावर सगळेच सह्या करू. काढायचंच असेल तर अख्खी नगरपालिका काढा म्हणावं!"

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पेन द्या इकडे."

सकाळी आगाराचं गंजलेलं फाटक उघडलं. जेसीबीने डांबर उखडायला सुरुवात केली तेव्हा आया, झाडूवाले, दुकानातल्या मुली कामावर जाताजाता थांबल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत पायाचा पहिला खड्डा तयार झाला. आणि दुपारीच राज्याचा अधिकारी हातात आदेश घेऊन गाडीतून उतरला. त्याच्यामागून दादा उतरला.

"घरचं भांडण चव्हाट्यावर आणू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"भांडण घरांचंच आहे, दादा. आणि ज्यांना घर नाही, त्यांनी चव्हाट्यावर नाही तर कुठे भांडायचं?"

अधिकाऱ्याने आदेश पुढे केला. ती तो सगळ्यांसमोर फाडणारच होती. पण फाडायच्या आधी वाचावं म्हणून तिने चष्मा चढवला, आणि पहिल्याच ओळीवर थबकली. मग खणखणीत आवाजात तिने वाचलं: "'आगाराच्या जागेवर चालू असलेले बांधकाम तात्काळ थांबवावे.'"

तिने वर पाहिलं.

"चालू असलेले! साहेब, यावर शिक्का आहे ना?"

"आहे," अधिकारी गोंधळून म्हणाला.

"मग थांबवते. काम सुरू झालंय हे सरकारनेच लिहून दिलं. आता निधी कसा नेता ते बघू."

आधी हार्डवेअरवाला हसला, मग फाटकापर्यंत हशा पिकला. दादा मात्र गाडीत जाऊन बसला.

आठवडाभरात शेजारच्या शहरांनीही हीच वाट धरली. कुठे खड्डे खणले गेले, कुठे खांब उभे राहिले. तिथेही काम थांबवण्याचे आदेश पोचले आणि तिथल्या नगराध्यक्षांनी ते हसतमुखाने घेतले. सरकारने सुनावणी लावली, तेव्हा सगळे मिळून राजधानीत गेले. सचिवांनी सिस्टरला उभं केलं.

"नियम मोडल्याचा पश्चात्ताप होतो का तुम्हाला?"

"होतो ना. खड्डा आणखी मोठा खणायला हवा होता."

निधी वाचला. नाइलाजाने का होईना, सरकारने नकाशाही मंजूर केला. अख्खी नगरपालिका काढायची हिंमत त्यांना झाली नाही, पण सिस्टरला त्यांनी सोडलं नाही. तिचं पद गेलं आणि पुढची निवडणूक लढवायलाही बंदी आली. गाडी परत करून ती चालत घरी गेली. त्या रात्री ती रडली. पद गेल्याचं एवढं नव्हतं. दादाने रविवारी येणं बंद केलं होतं.

घरं पुरी झाली. लोक सामान घेऊन राहायला आले त्या संध्याकाळी इमारतीत एकच कालवा चालला होता. कुणाचं कपाट जिन्यात अडकलं होतं, कुणी भलत्याच दाराला किल्ली लावून बघत होतं. सिस्टरने खाली उभं राहून भावाला फोन लावला. त्याने उचलला.

"दादा, एकदा बघायला ये," ती म्हणाली. "आणि नाही आलास, तरी घरं इथेच आहेत."

उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला आणि अडकलेल्या कपाटाला हात लावायला जिन्याकडे गेली.