कूलरशेजारचा उष्मामापक

मित्रांनो, मी एक जुना उष्मामापक आहे. ताप आल्यावर काखेत धरतात तो नव्हे. ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काम करणाऱ्या माणसाला किती भाजून काढतात, ते मी मोजतो. माझ्या डोक्यावर ऊन मोजणारा एक काळा गोळा आहे, बाजूला दमटपणा मोजणारी, पाण्यात बुडालेली वात आहे आणि पोटाशी तीन दिवे आहेत. हिरवा लागला की काम चालू, पिवळा लागला की जपून, आणि लाल लागला की काम बंद, मग घड्याळात काहीही वाजलेले असो.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. ओमानमध्ये सूर गावी बोटी दुरुस्त करणारे एक यार्ड आहे, त्यात एका युरोपीय कंपनीची भागीदारी होती. जे नियम आमच्या देशी तेच तिथेही, असे म्हणून कंपनीने मला तिकडे धाडले.

यार्डाचे फोरमन हारूनभाई रत्नागिरीकडचे. कष्टाळू माणूस, आणि वस्तू जपण्यात तर त्यांचा हात कोणी धरू नये. गावच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिक त्यांनी पाच वर्षे कोणाला काढू दिले नव्हते. इतकी महाग, परदेशी वस्तू उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात टांगायची, हे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी मला ऑफिसच्या पडवीच्या गार सावलीत, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी टांगले आणि धूळ बसू नये म्हणून माझ्या काळ्या गोळ्यावर आपली जुनी पांढरी जाळीची टोपी चढवली. पुण्याचे शिरीष तिथे सेफ्टी ऑफिसर होते. त्यांनी फॉर्मवर ‘योग्य जागी बसवले’ या चौकटीत खूण केली. खूण करताना ते फोनवर बोलत होते.

माझे फार लाड झाले. हारूनभाई रोज मऊ फडक्याने मला पुसत आणि वातीला बाटलीतले पाणी घालत. आलागेला माझे कौतुक करी. ते मला आवडे, हे कबूल करतो. दोन उन्हाळे असे गेले आणि लाल दिवा एकदाही लागला नाही.

युरोपात तेव्हा लाल दिव्याच्या नियमावरच वाद चालला होता. शिरीषच्या लॅपटॉपवर कंपनीच्या मीटिंगा होत, त्या खिडकीतून मला ऐकू येत. एक गृहस्थ म्हणत, प्रत्येक जागेची हवा निराळी, तेव्हा काम कधी थांबवायचे ते जागेवरच्या माणसांनी ठरवावे. वरून उष्णतेचा एकच आकडा लादला की नुसते कागद वाढतात. एक बाई म्हणत, ज्याची नोकरी दुसऱ्याच्या हातात आहे तो काय ठरवणार? आकडा नियमातच हवा. दोघांचेही मला थोडे थोडे पटे. मग एके दिवशी त्या गृहस्थांनी माझेच आकडे पुढे केले. ओमानसारख्या देशात दोन उन्हाळ्यांत एकदाही काम थांबवावे लागले नाही, मग हा लाल दिव्याचा नियम हवाच कशाला? नियम काढून टाकायचे जवळजवळ ठरले.

सप्टेंबर लागला. दुपारी उन्हात काम करायची सरकारी बंदी ऑगस्टअखेर संपते, समुद्राचा दमटपणा मात्र संपत नाही. हारूनभाईंचा भाचा जहूर वेल्डर होता. पस्तिशीचा, घरी बायको आणि दोन मुली; मामानेच त्याला व्हिसा काढून आणले होते. दुपारी एकच्या सुमारास तो बोटीच्या पोटातून वर आला आणि पाणी प्यायला.

“मामू, आज जीव घाबरतोय. जरा बसू काय?”

हारूनभाईंनी माझ्याकडे बोट केले. “हिरवा हाय ना? युरोपची मशीन हाय, खोटं नाय बोलायची. यल्ला, चल, तेवढा जोड मारून घे, मग बस.”

अर्ध्या तासाने जहूरला चौघांनी ओढून बाहेर काढले. अंग चटका बसावा इतके तापले होते, तो काहीबाही बडबडत होता आणि मामूला ओळखत नव्हता. कूलरचे सगळे पाणी त्याच्यावर ओतले तेव्हाही माझा हिरवा दिवा चालू होता. मी खोटे बोललो नव्हतो. मी कूलरशेजारच्या सावलीतली हवा मोजत होतो, आणि ती खरेच छान होती.

जहूर वाचला, पण त्याची मूत्रपिंडे कायमची अधू झाली. वेल्डिंग सुटले आणि तो महाडला आपल्या घरी परत गेला. शिरीषनी अहवालात लिहिले की कामगाराची प्रकृती आधीच नाजूक असावी.

नियमाचा निकाल लावायच्या मीटिंगला हारूनभाई न बोलावता आत गेले. त्यांच्या हातात मी होतो, माझ्या डोक्यावर ती टोपी तशीच.

“शिरीष साहेब, यांना सांगा,” ते म्हणाले, “मशीन मी सावलीत लावलेली. दोन वर्षं. खराब होईल म्हणून. तिचे सगळे आकडे कूलरजवळचे हायेत. माझ्या भाच्याला मीच आत पाठवला.”

शिरीषनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग त्यांनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला आणि न पाहता खूण आपणच केली होती, तेही सांगितले. ते गृहस्थ म्हणाले, बघा, आकड्यावर विसंबले की असे होते. बाई म्हणाल्या, बघा, आकडा नीट घेतला नाही की असे होते. वाद अजून चालू आहे. नियम मात्र राहिला. हारूनभाई आणि शिरीष दोघांनाही ताकीदपत्र मिळाले.

आता मी बोटींच्या मधोमध खांबावर असतो. पहिल्याच दिवशी साडेदहाला माझा लाल दिवा लागला आणि सगळेजण हत्यारे ठेवून सावलीत गेले. हारूनभाई मात्र माझ्यासमोर उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले.

उन्हाने माझा रंग उडाला आहे, काच धुरकट झाली आहे. पडवीत होतो तर आणखी दहा वर्षे चकचकीत राहिलो असतो. पण मित्रांनो, मला तसे जपू नका. माणसाच्या आधी तापायचे, एवढेच माझे काम आहे. मला उन्हात राहू द्या आणि मी लाल झालो की माणसाला सावलीत बसवा.