सकाळची उंची

घरात मूल आलं की मोठ्या माणसांची नावं गळून पडतात. मुंगी जन्मली आणि तिच्या आईची धाकटी बहीण सगळ्या घराची मावशी झाली, बाबांची धाकटी बहीण सगळ्या घराची आत्या. मुंगीची आईसुद्धा स्वतःच्या सख्ख्या बहिणीला "मावशी, जाताना दार ओढून घे गं" असं म्हणायची. मावशीला ते आवडायचं. आपल्याला एखादं पद मिळाल्यासारखं तिला वाटायचं, आणि त्या पदावर दुसरं कोणी नव्हतं. अडचण एवढीच होती की शेजारच्या पदावर आत्या होती.

आत्या दातांची डॉक्टर. दुसऱ्या शहरात राहायची आणि अधूनमधून यायची. ती आली की मुंगी मावशीच्या मांडीवरून उडी मारून दाराकडे पळायची. मावशी दोन गल्ल्या सोडून राहायची, त्यामुळे ती रोजच असायची. रोज दिसणाऱ्या माणसाकडे पळत कोण जातं? मावशीने हे स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. दर वेळी समजायचंही, पण आत्याच्या बुटांचा आवाज जिन्यात येईपर्यंतच.

मावशीचं काम मोजायची साधनं तपासण्याचं. वजनकाटे, तापमापक, पट्ट्या तिच्या प्रयोगशाळेत यायच्या आणि त्या खरं सांगतात की थापा मारतात हे ती ठरवायची. मुंगीची उंची मोजायचा मान साहजिकच तिचा. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारामागे मुंगीने अनवाणी उभं राहायचं, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ. मावशी डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची. वेळ तीच, गुण्या तोच, मोजणारी तीच. सगळ्या रेघांच्या वर एक लाल रेघ होती, एकशेवीस सेंटिमीटरची. ती वावटळीची रेघ.

वावटळ म्हणजे थीम पार्कमधला सगळ्यात उंच रोलर कोस्टर. त्याच्या दाराशी उंची मोजतात आणि त्या रेघेला डोकं लागत नसेल तर परत पाठवतात. मावशीने कबूल केलं होतं, "लाल रेघेला लागलीस की आपण दोघी. पहिल्या डब्यात." मुंगीने ते कागदावर लिहून त्यावर मावशीचा अंगठा उमटवून घेतला होता, पायाचा.

एका शनिवारी मावशी रात्री ताईकडे, म्हणजे मुंगीच्या आईकडेच राहिली. रविवारी उठल्या उठल्या मुंगी दात न घासताच दारामागे जाऊन उभी राहिली. "आत्ताच मोज."

"संध्याकाळी मोजतो ना आपण?"

"आत्ता मोज. मला आतून उंच वाटतंय."

मावशीने हसत गुण्या ठेवला, आणि तो लाल रेघेच्या नखभर वर टेकला. तिने पुन्हा मोजलं. मग भाऊजींना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं. घरात असा आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून काय झालं ते विचारलं. भाऊजींनी त्याच दिवशी पार्कची दोन दिवसांची तिकिटं काढली.

संध्याकाळी सवयीने मावशीने पुन्हा गुण्या ठेवला. आता तो लाल रेघेच्या नखभर खाली टेकला. मुंगी तेव्हा उड्या मारायच्या घाईत होती, तिने मागे वळून पाहिलंच नाही. मावशी मात्र बराच वेळ दाराकडे बघत राहिली. तिला कारण ठाऊक होतं. पाठीच्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. रात्रभर आडवं राहिलं की त्या पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर अंगाचा भार सोसून चेपतात. माणूस सकाळी उंच असतो आणि उठल्यावर पहिल्या काही तासांतच ती वाढीव उंची हरवतो. शाळेपासून माहीत असलेली गोष्ट होती ती. पण एकाच वेळेला मोजायची शिस्त पाळताना मुंगीच्या दिवसाला दुसरीही वेळ असते हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणजे सकाळची मुंगी वावटळीत बसू शकत होती. दुपारची मुंगी नाही.

हे ती ताईला सांगणार, तोच ताईच्या फोनवर आत्याचा चेहरा उगवला.

"वहिनी, मी पण येतेय! ऐका, पार्कच्या आतल्या हॉटेलात एकच खोली उरली होती. एक मोठा माणूस, एक मूल. मी घेऊन टाकली. मुंगी माझ्याकडे झोपेल. मुलांचा पलंग जहाजाचा आहे, शिडी लावलेला!"

"शिडी?" मुंगी फोनमध्ये शिरायचीच बाकी होती.

"आणि आतल्या हॉटेलवाल्यांना सकाळी सगळ्यांच्या आधी पार्कात सोडतात. गर्दी नाही, काही नाही. उठायचं, दात घासायचे," इथे आत्याने डॉक्टरकीचं बोट दाखवलं, "आणि थेट वावटळ."

मावशीने दुपारभर शोधून बाहेरचं हॉटेल पक्कं केलं होतं. चौघांना पुरेल अशी एकच मोठी खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, पार्कपर्यंत हॉटेलची बस. खिडकीजवळच्या दोन पलंगांपैकी एक तिचा आणि एक मुंगीचा, हेही तिने मनात लावून ठेवलं होतं. आता त्या पलंगावर भाऊजींची बॅग झोपणार.

"काय करायचं?" ताईने फोन ठेवल्यावर विचारलं. "पोरगी हुरळलीय. पाठवूया का आत्याकडे?"

मावशीने तोंड उघडलं. सकाळ, आतलं हॉटेल, सगळ्यांच्या आधी प्रवेश. उत्तर समोर मांडून ठेवल्यासारखं होतं. पण त्या उत्तरात पहिल्या डब्यात मुंगीशेजारी आत्या बसली होती, तिच्या त्या सरळ पांढऱ्या दातांसकट.

"नवी जागा, तिला झोप लागायची नाही," मावशी म्हणाली. "शिडीवरून पडली म्हणजे? आणि तिथे खाणं सगळं बाहेरचं. आपल्या इथे ओटा आहे. बस पण पहिली पकडू आपण. दार उघडायच्या आत पोचतो."

भाऊजी म्हणाले, "मावशी सांगतेय म्हणजे मोजूनच सांगत असणार."

ते ऐकून मावशीला बरं वाटायला हवं होतं. ती उठून पाणी प्यायली. पहिली बस पकडली तर दोन्ही साधेल, असं तिने स्वतःला पटवलं.

पार्कच्या दिवशी सकाळी हॉटेलची पहिली बस पकडली. पण ती बस वाटेतल्या प्रत्येक हॉटेलशी थांबली आणि प्रत्येक हॉटेलातून एक तरी कुटुंब टोपी विसरून परत आत गेलं. मुंगी बसमध्ये सीटवर उभी राहून उड्या मारत होती.

"बस गं खाली," मावशी म्हणाली. "पाठ टेकव. आडवी हो हवं तर."

"बसमध्ये कोण आडवं होतं?"

पार्कच्या दाराशी बॅगा तपासायची रांग, मग तिकिटांची रांग. वावटळ पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथे पुन्हा रांग. आत्या कधीचीच येऊन थांबली होती, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात मुंगीसाठी तसलीच. मुंगीने ती लगेच घातली. "मी म्हणत होते ना," आत्या म्हणाली, "सकाळी इथे चिटपाखरू नव्हतं." रांग पुढे सरकायची आणि मावशी मुंगीच्या डोक्याकडे बघत राहायची, जणू बघून तिला वर धरता येणार होतं.

दाराशी नारिंगी टी-शर्टातल्या मुलीने मुंगीची टोपी आणि बूट काढायला लावले आणि उंचीचा आडवा दांडा पुढे सरकवला. तो केसांवरून अलगद निघून गेला.

"थोडंसंच गं राणी. पुढच्या वेळी हं."

"पण दारामागे लागलं होतं!"

"लागलं असेल. इथे नाही लागलं."

मुंगीने मान ताणली. दांडा पुन्हा निघून गेला. ती रडली नाही. बूट हातात घेऊन बाजूला आली आणि मावशीसमोर उभी राहिली. "मावशी, तुझी पट्टी खोटी आहे?"

मावशीने आजवर लोकांच्या हजारो पट्ट्या तपासल्या होत्या. हा प्रश्न तिला कधी कोणी विचारला नव्हता.

"पट्टी खरी आहे," ती म्हणाली. खाली बसून तिने मुंगीच्या पायात बूट चढवले, कारण त्यामुळे वर बघावं लागत नव्हतं. "तू सकाळी उंच असतेस. सगळेच असतात. झोपलं की पाठ लांब होते आणि हिंडलं की आखडते. आज आपल्याला उशीर झाला."

"मग उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी." मावशीने नाडी बांधली. ती घट्ट झाली म्हणून सोडून पुन्हा बांधली. "आज आत्याकडे झोप. तिच्या हॉटेलातून लवकर सोडतात."

ताई तिच्याकडे बघत होती. सख्ख्या बहिणीपासून चेहरा लपवायची सोय निसर्गाने केलेली नाही. "हे तुला आधीच ठाऊक होतं?" तिने हळूच विचारलं.

मावशीने दुसरी नाडी बांधायला घेतली.

संध्याकाळी मुंगीची बॅग भरताना मावशीने तिला सगळं समजावलं. जेवण झालं की लगेच आडवं व्हायचं. उड्या नाहीत. सकाळी उठलं की उगाच उभं राहायचं नाही, शक्य तेवढं बसूनच करायचं. मुंगी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग आत्याचा हात धरून ती आतल्या हॉटेलच्या काचेच्या दारातून गेली. वळून टाटा केला, पण तोवर तिला दाराशी ठेवलेला लाकडी समुद्री चाचा दिसला होता, आणि टाटा अर्ध्यातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशी, ताई आणि भाऊजी बाहेरच्या दाराशी रांगेत उभे असताना वावटळ सुरू झाली. तिथून फक्त वरचं वळण दिसत होतं. गाडी वर चढायची, थांबल्यासारखी व्हायची आणि नाहीशी व्हायची. मग आरोळी. प्रत्येक आरोळीत मावशी एक आवाज शोधत होती. सापडू नये असंही तिला वाटत होतं, आणि असं वाटल्याचा रागही येत होता.

"लागलं असेल डोकं," भाऊजी म्हणाले.

"लागलंच असणार," मावशी म्हणाली. मोजून सांगितलेलं होतं ते.

दार उघडलं आणि पहिल्याच चौकात त्या दोघी दिसल्या. मुंगी पळत आली आणि तिने हात नाचवला. मनगटावर हिरवा पट्टा होता.

"लागलं! दांडा टक्कन लागला! आणि हा पट्टा बांधला की आज दिवसभर परत मोजत नाहीत!"

मागून आत्या येत होती, एक हात कमरेवर ठेवून. तिची मान एका बाजूला कलली होती.

"काय झालं तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"काय होणार? तुझा हुकूम," आत्या म्हणाली. "काल पोहायच्या तलावावर चल म्हटलं, नाही. मुलांचा जादूचा कार्यक्रम होता खाली, नाही. जेवली की लाकडासारखी आडवी. 'मावशीने सांगितलंय.' जहाजाच्या पलंगाची शिडीसुद्धा चढली नाही गं, चढताना उभं राहावं लागतं म्हणून! जमिनीवर गादी घालून दिली. आणि सकाळी खोलीपासून वावटळीपर्यंत मला उचलून न्यायला लावलं. पायच टेकवेना."

मावशीच्या तोंडावर हसू येऊ घातलं. तिने ते दाबलं. पूर्ण दाबलं गेलं नाही.

"आणि गाडीत?" ताईने विचारलं.

"गाडीत काय! पहिला डबा अख्खा रिकामा. मी म्हटलं चल पुढे, तर ही शेवटच्या डब्यात जाऊन बसली."

"पहिला डबा आमचा आहे," मुंगी म्हणाली. "मावशीचा नि माझा. अंगठा आहे त्यावर."

आत्या हसली. सगळे दात दिसतील एवढं हसली आणि मग स्वतःची टोपी काढून उगाच पुन्हा नीट घातली. मावशीने तो चेहरा ओळखला. कितीतरी वर्षं दर भेटीला जिन्यात बुटांचा आवाज आला की तो तिचाच चेहरा असायचा. तो दुसऱ्याच्या तोंडावर बघणं इतकं गोड असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. गोड, आणि घशाशी थोडंसं आंबट.

रांगेच्या तोंडाशी तिने खांद्यावरची बॅग काढली. ताई शेजारीच उभी होती, तरी ती बॅग तिने आत्यापुढे धरली. "धरता का जरा?"

"आण," आत्या म्हणाली. "मुंगीची बाटली पण दे."

पहिल्या डब्यात दोनच जागा होत्या. दांडा खाली आला आणि मांडीवर बसला. मुंगीने मावशीच्या हातात हात घातला. तिचा तळवा गरम आणि चिकट होता. गाडी खडखडत वर निघाली. मावशीला उंचीची भीती वाटते, हे तिला स्वतःलाही आत्ताच कळत होतं. तिने तो छोटा हात घट्ट धरला. आता मुंगी फक्त तिची होती. शेजारी कोणी नाही, पुढे कोणी नाही, नुसतं आभाळ.

अगदी टोकाला गाडी थांबल्यासारखी झाली. खाली रांगेचं तोंड दिसत होतं, आणि तिथे मावशीची बॅग घेऊन मान वर करून उभी असलेली एक छोटी पांढरी टोपी.

मुंगीने मावशीच्या मुठीतून हात ओढून काढला, दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडली,

"आत्या! आत्या, इकडे बघ!"

मावशीने दांडा धरला, आणि गाडी खाली सुटली.