बाजारातलं नाव

टेंब्यांच्या घरात उधारी हा शब्द कुणी उच्चारला, तर अण्णा आधी खिडकीबाहेर बघत, शेजारी ऐकत तर नाहीत ना म्हणून. आख्ख्या बदलापुरात त्यांच्यासारखा रोखठोक माणूस नव्हता. दूधवाली ठमाबाई दारात आली की आधी पैसे तिच्या तळहातावर पडत, मगच दूध पातेल्यात. पेपरवाल्यालाही रोजच्या रोज. "अण्णा, महिन्याचं एकदम द्या की हो," असं विनवून तो बिचारा थकला, पण अण्णांनी कुणाचं देणं म्हणून एक रात्रसुद्धा अंगावर ठेवलं नाही. याचा त्यांना भारी अभिमान होता आणि त्यांच्या सुनेला, कुंदालाही होता.

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात मात्र हाच अभिमान कुंदाच्या आड आला. तिच्याकडे दोन शिलाई मशिनं होती आणि शेजारच्या चार बायका हाताशी होत्या. अंबरनाथच्या एका कारखान्यानं तिला कामगारांच्या डांगऱ्या, म्हणजे कामावर घालायचे अंगभर कपडे, शिवायचं काम देऊ केलं. पैसे माल पोचल्यावर मिळणार होते, कापड मात्र तिनं पदरच्या पैशानं आणायचं होतं. दिवाळीआधी कापडाची सोय झाली नाही, तर काम दुसरीकडे जाणार होतं. नवरा गुरुदत्त होता चांगला पगारदार, पण साठवलेलं सगळं बहिणीच्या लग्नात गेलेलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी कुंदाला स्वतःचं म्हणून काही करायला मिळत होतं, ते हातचं जाऊ द्यायला ती मुळीच तयार नव्हती.

ती शेअर रिक्षातून कॅम्प तीनच्या, सिंधी व्यापाऱ्यांच्या कापडबाजारात गेली. लधाराम शेठनी पंखा तिच्याकडे वळवला, चहा मागवला, कापडाचा पोत दाखवला. महिनाभराच्या उधारीची गोष्ट निघाली, तसं त्यांनी विचारलं, "भाभी, बाजार में आपको कौन जानता है? कुणाकडून माल घेतला आहे उधारीवर?"

"कुणाकडूनच नाही!" कुंदानं मान ताठ केली. "आमच्या घरानं आजवर एका पैशाची उधारी केलेली नाही."

"तीच तर पंचाईत आहे ना!" शेठ हळहळले. "घेतलंच नाही, तर परत करता की नाही, मला कसं कळणार? तुम्ही चांगल्या असाल. पण बाजारात तुमचं नावच नाही."

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव नाही म्हणे! मग करूनच दाखवते नाव, असं म्हणत ती त्याच दुपारी बाजारात शिरली. दोऱ्याच्या दुकानात उधारी मागितली, बटणांच्या दुकानात मागितली, चेनवाल्याकडे, अस्तरवाल्याकडे, आणि जाता जाता एका भांडीवाल्याकडेसुद्धा, जिथं तिला काहीच नको होतं. सगळ्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. पण तिची रिक्षा सुटायच्या आत बातमी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईनं दूध ओतलं आणि डोळ्यांना पदर लावला. "वैनी, सायबांची नोकरी गेली म्हनं? बाजारात समदी बोलतान. पैसं ऱ्हाऊ द्या आज." दुपारपर्यंत शेजारून अळूची भाजी आली. संध्याकाळी गुरुदत्तच्या ऑफिसातले एक गृहस्थ येऊन, "संकोच करू नका," असं चार वेळा बोलून गेले. अण्णा आतल्या खोलीत जाऊन बसले ते जेवायलाच बाहेर आले. कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि अळूची भाजी उत्तम होती, म्हणून हसूही आलं.

कुंदा पुन्हा बाजारात गेली तेव्हा लधाराम शेठ पोट धरून हसले. "अरे साईं! एका दिवसात सगळ्यांकडे हात पसरला, तर लोक समजणार घर बुडालं. ऐका. थोडं घ्यायचं. जेवढं मिळतं तेवढं सगळं नाही घ्यायचं. बोललात त्या दिवशी द्यायचं. नाही जमलं, तर तोंड लपवायचं नाही, आधी येऊन सांगायचं. असं नाव बनतं, हळूहळू." मग त्यांनी शेजारच्या मिठाईच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "इथं दूध घालते ती ठमाबाई तुमच्याकडेही येते, तीच सांगत होती. पेंडवाला तिला म्हशींची पेंड डोळे मिटून उधार देतो. ती बोलली ना, की टेंबे उधारीला चोख आहेत, तर मी कापड देतो."

कुंदा उड्या मारतच घरी आली. पण ठमाबाईनं कानाला हात लावला. "तुमी देवमानूस हाव, पन मी खोटा कसा बोलू? मी कवा तुमाला उधार दिलाय? अण्णा उधार ऱ्हाऊच देत नाय!"

आता गाडं अण्णांपाशी येऊन अडलं. कुंदानं सगळं सरळ सांगितलं आणि शेवटी बोलून गेली, "अण्णा, मला हे काम हवंय हो. फार हवंय." अण्णांनी उठून आधी खिडकी लावून घेतली. मग घसा खाकरून म्हणाले, "एकच महिना. आणि फक्त दूध."

तो महिना अण्णांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. ठमाबाई आली की त्यांचा हात आपोआप खिशात जाई आणि कुंदा डोळे वटारी. उधारीचा चहा घशाखाली उतरत नाही, अशी तक्रार करत ते रोज दोन कप पीत. पेपरवाल्यानं फक्त तोंड उघडलं, तर त्याच्यावर खेकसले.

पहिली तारीख उजाडली. अण्णा आंघोळ करून, धोतर नेसून, पैसे मुठीत धरून फाटकात उभे राहिले. ठमाबाई आलीच नाही. अकरा वाजले तसे ते कासावीस झाले. कुंदा म्हणाली, "येईल उद्या, तिलाच घाई नाही." पण अण्णांनी टोपी चढवली. "आज म्हटलं होतं ना? मग आजच," म्हणाले आणि तिच्या पाड्याची वाट धरली.

भर उन्हात, बांधावरून, चिखल तुडवत अण्णा पोचले तेव्हा ठमाबाई गोठ्यात होती. म्हैस व्यायला आली होती, म्हणून तिचा पाय निघत नव्हता. अण्णांनी तिथंच, शेणात उभं राहून पैसे पुढे केले. ठमाबाई बघतच राहिली. घेणेकरी देणेकऱ्याला शोधतो हे तिनं पाहिलं होतं, हे असलं नव्हतं. तेवढ्यात म्हैस मोकळी झाली, पारडी झाली, आणि संध्याकाळी अण्णा चिकाचं दूध घेऊन लग्नाला जाऊन आल्यासारखे घरी परतले. त्या रात्री खरवसावर सगळं घर तुटून पडलं.

ठमाबाईच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. दुधाबरोबर ही गोष्ट मिठाईवाल्याकडे पोचली, तिथून पेंडवाल्याकडे, बटणवाल्याकडे, चेनवाल्याकडे. दोन दिवसांनी कुंदा अण्णांना घेऊन बाजारात गेली, तर दोरेवाला ओट्यावरून ओरडला, "भाभी, दोरा यहीं से लेना हां!"

लधाराम शेठनी गठ्ठे काढून ठेवलेच होते. अण्णांना पाहताच ते गादीवरून उठले. "आओ साईं, बसा. तुमच्यासारखा माणूस मागं असेल तर मला काय फिकीर?" वही उघडून त्यांनी लेखणी टेकवली. घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं खातं, ही बाजाराची रीतच होती. "हां, टेंबे अण्णासाहेब…"

"थांबा," अण्णा म्हणाले. "मी आयुष्यभर रोख दिलं, तेव्हा मला इथं कुणी ओळखत नव्हतं. हे सगळं हिनं केलंय. हिचं लिहा."

शेठनी वर पाहिलं, हसले आणि नवं पान घेतलं. कुंदा गुरुदत्त टेंबे, असं त्यांनी सावकाश लिहिलं. कुंदा वाकून बघत होती. आपलं नाव तिनं याआधी लग्नपत्रिकेवर पाहिलं होतं, रेशनकार्डावर पाहिलं होतं, पण तिथं ते कुणाच्या तरी खाली असायचं. इथं ते सगळ्यात वर होतं. तिला भरून आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "शेठ, पैसे कोणत्या तारखेला आणू?"