गोदामाईची कळशी आणि ज्ञानेशचा खांदा

पिंपळगाव बसवंतला कोंडाजी महाराजांच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराज निखळलेले खांदे बसवत. रोग्याला खाटेवर पालथं निजवायचं, दुखरा हात खाली लोंबता सोडायचा, मनगटाला गोदामाईच्या पाण्याने भरलेली कळशी बांधायची आणि डोळे मिटून पुटपुटायचं. "हाड मोडलं नाय, रुसलंय! माई त्याला घरी आणती!" थोड्या वेळाने खट्! आणि जयजयकार.

ज्ञानेश या दरबाराचा हुकमी साक्षीदार. पोलीस भरतीसाठी गोळाफेकीचा सराव करताना त्याचा खांदा सारखा निखळे.

"सांग रं, किती डाव बरा केला तुला?" महाराज विचारत.

"लय डाव!" ज्ञानेश छाती काढून सांगे.

पहिल्याच खेपेला बरा झाला तर हा पठ्ठ्या पुन्हा पुन्हा येतो कशाला, हे त्या गर्दीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ज्ञानेशलाही नाही.

भरती तोंडावर आली आणि नाशिकच्या मैदानावर खांदा पुन्हा निखळला. मित्रांनी त्याला दवाखान्यात नेलं. नाशिकलाच आपल्या बहिणीकडे निघालेली त्याची आई, यशोदाबाई, तिच्यासाठी घेतलेल्या कांद्यांच्या पिशवीसकट धावत आली. "डॉक्टरीणबाई, कळशी मागवा! माईबिगर बसायचा नाय!"

डॉ. संजनाने एक्स-रे पाहिला, ज्ञानेशला पालथं निजवलं आणि मनगटाला ती कांद्यांचीच पिशवी बांधली. थोड्या वेळाने खट्!

यशोदाबाईने कांद्यांना हात जोडले.

"अहो, वजनाने स्नायू थकून सैल पडतात आणि हाड आपसूक आत सरकतं," संजना म्हणाली. "पाणी बांधा, नाहीतर कांदे."

ज्ञानेशला हसू आलं. मग काढलेला खांद्याचा स्कॅन पाहून आलेली संजना मात्र हसत नव्हती.

"खांद्याच्या वाटीला कूर्चेची कड असते. तुझी पहिल्याच वेळी फाटली. तेव्हा आला असतास तर दुर्बिणीतून टाके घालून शिवली असती."

"मग आता शिवा की."

"टाके घालू कशात? दर खेपेला निसटताना हाडाने वाटीच झिजवली. आता शेजारच्या हाडाचा तुकडा कापून तिथं स्क्रूने बसवावा लागेल. खांदा टिकेल, पण बरेच महिने गोळ्याला हात लावायचा नाही."

"पुढल्या वर्षी माझं भरतीचं वय उलटतंय, मॅडम."

यशोदाबाई खाली बसून रडू लागली, कारण प्रत्येक खेपेला त्याला मांडवात तीच घेऊन गेली होती.

ऑपरेशननंतर हात झोळीत अडकवून ज्ञानेश मांडवात गेला. महाराजांनी सवयीने विचारलं, "सांग रं, किती डाव बरा केला?"

"एक डाव बी नाय! बरा झालो असतो तर परत आलो असतो का?"

भक्तांनी त्याला चांगल्या हाताला धरून बाहेर ढकललं. आत पुन्हा खट् झालं, पुन्हा जयजयकार.

त्या जयजयकारात ओरडणाऱ्यांनो, खांदा बसला म्हणजे बरा झाला असं नाही. जो इलाज पुन्हा पुन्हा करावा लागतो त्याला चमत्कार म्हणू नका, आधी डॉक्टरला दाखवा. ज्ञानेशला आता हे सांगून उपयोग नाही. भरतीच्या दिवशी तो मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहून दुसऱ्यांचे गोळे पाहत होता.