वहिनीच्या पायाचा आकडा

घरात विजेवरची गाडी एकच, आणि चालवणारे दोघं: वहिनी आणि तिचा धाकटा दीर. दिराच्या पायाचं काय सांगावं! सिग्नल सुटला रे सुटला की पेडल तळाला, पुढच्या सिग्नलला कचकचून ब्रेक. वहिनी हलक्या पायानं चालवायची, तर तिला गोगलगाय म्हणायचा मेला.

हिवाळ्यात वहिनीची आई अत्यवस्थ झाली. दवाखान्यातून फोन आला तशी वहिनी धावत गाडीत बसली. पण आदल्या संध्याकाळी दिरानं मित्रांना वेग दाखवता दाखवता बॅटरी पार पिळून काढली होती, वर चार्जिंगला लावायचंही विसरला होता. गाडी वाटेतच बसली. वहिनी पोचली तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

"एवढं काय मनाला लावून घेता वहिनी," दीर म्हणाला होता, "म्हातारी जाणारच होती."

ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. याचा वचपा काढायचाच, अशी तिनं खूणगाठ बांधली.

गाडी अजून किती लांब जाईल ते पडद्यावर दिसतं, पण तो अंदाज आधी गाडी कशी हाकली त्यावरून येतो. वहिनीला हे ठाऊक होतं, दिरानं कधी तिकडे डोकं चालवलं नव्हतं. परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तो आठवडाभर तयारी करत घरातच बसला. गाडी वहिनीनंच फिरवली, अगदी जपून. निघायच्या दिवशी चार्जिंगची वायरही तिनं लवकर काढली. पडद्यावरचा आकडा विमानतळापर्यंत पुरून थोडा उरेल, एवढाच राहिला.

"भाऊजी, हा आकडा माझ्या पायाचा आहे," ती दारातून म्हणाली. "हळू घेतलंत तर पोचाल. तुमच्यासारखं दाबलंत तर अर्ध्या वाटेत बसेल."

"तुम्ही आणि तुमची गोगलगाय," तो हसला. कोपऱ्यावर टायर किंचाळले. ऐकून वहिनीचा जीव थंडावला. खोटं कशाला बोलायचं तिनं? तो ऐकणार नाही, यावरच तर सगळा डाव होता.

थोड्या वेळानं फोन आला.

"वहिनी, गाडी बंद पडली. इथं टॅक्सीही थांबत नाही. विमान चुकतंय हो, काहीतरी करा." आवाज रडवेला होता.

"एवढं काय मनाला लावून घेता भाऊजी," वहिनी म्हणाली. "नोकरी जाणारच होती."

तिनं फोन ठेवला, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली.